अर्ध्या पुस्तकावरची शपथ

प्रति,
मा. प्रबंधक,
शपथ व नोंदणी शाखा, फौजदारी न्यायालय,
दुसरा मजला, खोली क्र. १४.

अर्जदार : पुस्तकबांधणी करणारा, वय ७१, धर्म ज्यू.
दिनांक : १९ नोव्हेंबर

विषय : आगीच्या खटल्यात अर्जदाराची साक्ष निकालापूर्वी नोंदवून घेण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपल्या शाखेची तीन उत्तरे, तिन्ही नकाराची.

महोदय,

१. कापडाच्या गोदामाला लागलेल्या आगीच्या खटल्यात अर्जदाराची भाची आरोपी आहे. ती त्याच गोदामात मालाची नोंद ठेवीत असे. आगीच्या आठ दिवस आधी मुकादमाशी तिचा खटका उडाला व तिला कामावरून काढण्यात आले. एवढ्यावरून संशयाची सुई तिच्याकडे वळली. आग मंगळवारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान लागली. त्या वेळात भाची अर्जदाराच्या दुकानात होती, आणि तिला तेथे पाहणारा अर्जदाराखेरीज दुसरा कोणी नाही. निकाल येत्या सोमवारी आहे.

२. साक्षीच्या दिवशी शपथ देणाऱ्या कारकुनांनी अर्जदारापुढे काळ्या पुठ्ठ्याचा ख्रिस्ती धर्मग्रंथ ठेवला. अर्जदाराने 'हा माझा नव्हे' असे नम्रपणे सांगून, कापडात गुंडाळून आणलेला स्वतःचा ग्रंथ पुढे केला. तो शपथेच्या ग्रंथांच्या मंजूर यादीत नव्हता. कारकून मनाने वाईट नाहीत. त्यांनी खणातून रबर काढले, त्याच काळ्या पुस्तकाचा उत्तरार्ध त्यात बांधून टाकला आणि ते म्हणाले, "काका, हे बघा, पुढचं सगळं बंद केलं. हा अलीकडचा भाग तर तुमचाच ना? ठेवा बिनधास्त हात!" दालनात हशा पिकला. भाची हसली नाही. अर्जदाराने हात मागे घेतला, आणि नोंद झाली : 'साक्षीदाराने शपथेस नकार दिला.' नकार शपथेस नव्हता. परंतु नोंदवहीचा रकाना अरुंद होता.

३. अर्जदाराचा ख्रिस्ती बांधवांवर राग नाही. आमची स्तोत्रे तेही आजाऱ्याच्या उशाशी म्हणतात, आणि ती त्यांनाही धीर देतात; दुःखाची ओळ कोणा एकाच्या नावावर नसते. हरकत निराळी आहे. सदर पुस्तकाचा पूर्वार्ध म्हणजे आमचाच ग्रंथ, पण तेथे त्यास 'जुना' म्हटले आहे. आमच्या घरी तो जुना नाही, कारण दुसरा नाही. हयात बापाचा उल्लेख मुलाने पत्रात 'दिवंगत' असा करावा, आणि बापाने शेजारी बसून ते पत्र वाचावे, तशी आमची गत आहे. आमचे संदेष्टे आपापल्या काळातल्या राजांवर कडाडले, त्यांच्या दारातल्या उपाशी विधवांसाठी बोलले. त्या पुस्तकात मात्र ते कित्येक शतकांनंतर येणाऱ्या एका माणसाकडे बोट दाखवीत उभे आहेत. त्यांचे हात अवघडले असतील, असे अर्जदाराला रात्रंदिवस वाटते. शिवाय पुस्तकांचा क्रम. आमच्या ग्रंथाचे शेवटचे पान परमुलखात नेलेल्या लोकांना घरी परतण्याची मुभा देते, आणि त्या मुभेवर आम्ही तो मिटतो. तिकडे तीच पाने अशी लावली आहेत की संदेष्टे अखेरीस येतात, शेवटचा संदेष्टा कोणाच्या तरी येण्याची वर्दी देतो, आणि पान उलटताच पुढचा ग्रंथ सुरू होतो. शब्द बहुतांशी तेच. फक्त सगळ्यांना तोंडे दाराकडे करून बसवले आहे. पन्नास वर्षे पुस्तके शिवणाऱ्या माणसाला कळते की हे रबराने सुटायचे नाही.

४. ग्रंथाविना प्रतिज्ञा करावी, असे आपल्या शाखेने सुचविले. अर्जदार आनंदाने तयार झाला. परंतु प्रतिज्ञेच्या नमुन्यातील पहिलेच वाक्य 'मी कोणताही धर्मग्रंथ मानीत नाही' असे छापलेले आहे, व ते खोडल्यास नमुना बाद होतो. खरे बोलण्याची सुरुवात खोट्याने करावी, हे अर्जदारास जमले नाही. म्हणून स्वतःच्या ग्रंथावर शपथ घेऊ द्यावी, असा पहिला अर्ज केला. उत्तर आले की, अर्जदाराने मागितलेला ग्रंथ 'यादीतील अनुक्रमांक २ च्या पृष्ठ १ ते ८६२ मध्ये समाविष्ट असल्याने' स्वतंत्रपणे ठेवण्याची आवश्यकता नाही.

५. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने विनंती केली की, ते पुस्तक एक दिवस त्याच्या हवाली करावे. तो शिवण उसवील, आमची पाने वेगळी काढून आमच्या क्रमाने शिवील, उरलेली पाने तितक्याच आदराने बांधून परत देईल. अर्जासोबत गल्लीतल्या चर्चच्या पाद्रीबाबांचे पत्र जोडले होते. अर्जदार त्यांची गाण्याची पुस्तके बांधतो. त्यांनी लिहिले होते : "हा ग्रंथ आम्हाला यांच्या घरून मिळाला. आम्ही त्यात आमच्या आशेने वाचले, आणि घरचे लोक अजून घरात आहेत हे पुष्कळदा विसरलो." आपल्या शाखेने उत्तर दिले की, हा ग्रंथ दोन्ही धर्मांस समाईक असल्याचे सदर पत्रावरूनच सिद्ध होते, सबब अर्जदाराचा नकार अवाजवी आहे. उसवण्याच्या प्रस्तावाबद्दल सरकारी मालमत्तेस हानी पोहोचविण्याच्या कलमाची समज सोबत होती.

६. त्या संध्याकाळी अर्जदाराची धाकटी बहीण, आरोपीची आई, दुकानात आली. ती बसली नाही. म्हणाली, "दादा, पुठ्ठ्याला हात लावून तुझं काय झिजणार आहे? तिकडे कोठडीत माझी पोर भिंतीकडे तोंड करून झोपते. देवाला तू काय सांगशील ते सांग, पण आधी त्या साहेबाला सांग." अर्जदाराच्या पूर्वजांपैकी काही जण ह्याच कारणासाठी देशोधडीला लागले, हे त्याला ठाऊक आहे. पण ते स्वतः लागले, भाचीला पुढे करून नव्हे. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तो खोली क्र. १४ समोर उभा राहिला आणि त्याने लिहून दिले की, मिळेल त्या पुस्तकावर, रबरासह अथवा रबराविना, तो हात ठेवण्यास तयार आहे.

७. त्यावर आपले तिसरे उत्तर असे : 'अर्जदाराने सदर ग्रंथ आपला नसल्याचे लेखी कळविले असल्याने, त्यावरील त्याची शपथ त्याच्यावर बंधनकारक मानता येत नाही.' महोदय, हे उत्तर अर्जदाराने पुष्कळदा वाचले. त्यात चूक सापडत नाही. अर्जदाराने तीन आठवडे जे ओरडून सांगितले तेच आपण मान्य केले आहे, आणि आता त्याच मान्यतेने त्याची भाची तुरुंगात जाणार आहे.

८. म्हणून आता ग्रंथ नको, नमुना नको. खालील मजकूर फक्त फाइलीत लावावा.

मंगळवारी पावणेतीनला ती माझ्या दुकानात आली. बोलत नव्हती, म्हणून मी तिला शिवायला बसवले. शाळेचे हजेरीपट होते. मी दोऱ्याला मेण लावून देत होतो, ती फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होती. सहाव्या फर्म्याला सुई तिच्या बोटात गेली. मी चिंधी बांधली. तिने विचारले, "मामा, आता मला कोण कामावर ठेवणार?" मी म्हणालो, "टाके बरे घालतेस." ती थोडी हसली. पाच वाजायच्या सुमारास आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली आणि आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. ती म्हणाली, "कुणाचं तरी जळलं, मामा," आणि पुन्हा शिवू लागली.

हे मी कशावरही हात ठेवून सांगितलेले नाही. लिहिताना माझे दोन्ही हात कागदावर होते.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून असलेला,
(सही)
अर्जदार

सोबत :
१) आपल्या शाखेची तीन उत्तरे.
२) पाद्रीबाबांच्या पत्राची प्रत.
३) परिच्छेद ८ ची जादा प्रत, निकाल देणाऱ्या साहेबांसाठी, सोमवारनंतर मिळाल्यास परत पाठविण्याची गरज नाही.