डावीकडची जागा

ईडन प्रेरी, दसरा १९८४

तीर्थरूप आईस,

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारच्या हॅरल्डकाकांकडे बाबांच्या गॅरेजात होता तसाच शेव्हरोले पिकअप आहे. महायुद्धानंतर कंपनीनं नव्यानं आखलेला. तीच गोल मडगार्डं, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत काचा, पायानं दाबायचा स्टार्टर.

यंदा आपल्याला सण नाही, ठाऊक आहे. तरी त्याला हार घातला. काका म्हणाले, "चल, चक्कर मारू." लहानपणी बाबांशेजारी बसायचो, तसा डावीकडून चढलो, तर समोर स्टिअरिंग! रोज इथे डावीकडे बसूनच ड्राइव्ह करतो, तरी विसरलो.

उजवीकडची, बाबांची जागा रिकामी होती.

आई, त्यांना शेवटचं बघायला यायला हवं होतं. त्यांची हत्यारं आज कुणी पुसली?

तुझा,
उल्हास