सतरा नंबरचं ताट

प्रिय ताई,

हे पत्र तुमच्या हॉटेलवर टूर मॅनेजरकडे पाठवते आहे. भला माणूस आहे, फोडून वाचणार नाही. माणसं मोजता मोजताच त्याचा जीव मेटाकुटीला येतो. परवा दुपारी तू माझ्या घरी जेवून गेलीस. तू ओळख दाखवली नाहीस, मग मीही दाखवली नाही. हट्टात आपण दोघी आईच्याच मुली.

माझं काम तू बघितलंसच. परदेशी सहलीच्या सहाव्या दिवशी आपल्या लोकांना पाव नुसता दिसला तरी नको होतो आणि बस माझ्या दारात उभी राहते. सोफा भिंतीला सरकवायचा, चाळीस घडीच्या खुर्च्या मांडायच्या, वरण-भात, पोळ्या, दोन भाज्या. तासाभरात जेवणं, माझ्या ओट्याचे फोटो, ‘अगदी घरच्यासारखं हो’, की मंडळी पसार. आदल्या दिवशी यादी येते. तीत नावं नसतात, सीटचे नंबर आणि पथ्यं असतात. सतरा नंबरपुढे लिहिलं होतं: वरणाला फोडणी नको, भात गार झालेला. मी पिठाचे हात तसेच घेऊन खाली बसले. लहानपणी पंख्याखाली ताट धरून बसायचीस आणि आई वैतागायची, ते डोळ्यांपुढे आलं. सहलीच्या फॉर्मवर एवढं कोण लिहितं गं? मुद्दाम लिहिलंस ना?

तुझा भात सकाळीच परातीत वेगळा पसरून ठेवला होता. तू जरा सुटलीस. केस पांढरे ठेवलेस, शोभतात. पोळी वाढायला मी दोनदा आले. दुसऱ्यांदा तू मान वर न करता ताटावर हात आडवा धरलास. शेजारच्या काकूंनी तुला विचारलं, इकडे कोणी आपलं असतं का? तू सरळ नाही म्हणालीस. मला राग आला नाही. छे, खोटं कशाला बोलू, आला.

आई गेली त्या आठवड्यात मी आले नाही. चाळीस जणांचं जेवण आहे, निघता येत नाही, असं फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, बस मग त्यांनाच वाढत. नऊ वर्षं त्यांनाच वाढते आहे. पण कारण जेवण नव्हतं, ताई. आईला तशी अंथरुणात बघायची माझी छाती नव्हती. तू बघितलंस, सगळं एकटीने निस्तरलंस आणि मी इथे पोळ्या लाटत राहिले. मला त्याची लाज वाटते.

तुमची बस गेल्यावर ताटं गोळा केली. पाहुण्यांनी ताट उचलायचं नसतं. टेबलांवर एकोणचाळीस निघाली. चाळिसावं ओट्यावर होतं, घासून, भिंतीला टेकवून उभं केलेलं. आई आपल्याला ठेवायला लावायची तसंच.

गुरुवारी चार वाजता तुमची परतीची बस इथल्या चौकात चहासाठी तासभर थांबेल. तिथून माझं दार सात मिनिटांवर आहे. त्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या एका सहलीचे चाळीस जण जेवायला येणार होते. त्यांना मी जमणार नाही म्हणून कळवलंय, नऊ वर्षांत पहिल्यांदाच. भात दोन वाजताच उतरवते, म्हणजे तू येईपर्यंत गार होईल.

तुझीच,
धाकटी