शिवडीच्या सर्व्हरची शिकवणी

६ जानेवारी, सोमवार

आज शिवडीला रुजू झालो. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर फोटो, आणि फोटोत मी चक्क देखणा दिसतोय! बंदरातून लोकांचा माल सोडवून देणारी ही जुनी कंपनी. खाली गोदाम, वर ऑफिस, मागच्या खिडकीतून चिखल आणि त्या चिखलात एका पायावर उभे फ्लेमिंगो.

मॅनेजर सीमा मॅडमनी काम समजावलं. कंपनीची सगळी ई-मेल ज्या सर्व्हरवरून जाते-येते तो आता माझ्या ताब्यात. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची, खाती उघडायची, बंद करायची. कमांड बरोबर असली तर मशीन निमूट ऐकतं. नसली तर लाल ओळ मारतं, की ही कमांड मला ओळखीची नाही. तर गेले काही महिने अशा लाल ओळींनी मशीनची नोंदवही, म्हणजे लॉग, भरून वाहतोय. कुणीतरी भलभलतं टाइप करतंय. कोण ते शोधा, एवढंच मॅडमचं म्हणणं.

मानसीला फोन केला. लेक माझी नर्स, परळला हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर राहते. म्हणाली, पप्पा, मशीनशी बडबड करायची सवय निदान इथे तरी सोडा, पहिल्याच आठवड्यात वेडा ठरवतील. सोडतो म्हणालो. सुटतेय कशाला!

८ जानेवारी, बुधवार

सर्व्हरची खोली गोदामाच्या जुन्या दगडी भागात आहे. लोखंडी दार, ते कार्डाशिवाय आतूनही उघडत नाही की बाहेरूनही. आत मोबाईलला रेंज नाही, ऑफिसच्या वायफायवरच काय ते बोलायचं. गार इतकी की कानटोपी घालून बसलो.

मी कॉलेज पाहिलं ते बाहेरून. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात लादी पुसता पुसता कारागिरांचं बोलणं ऐकून शिकलो. अजून पंख्याच्या घरघरीवरून कुठली डिस्क जाणार ते सांगतो. कान हेच माझं सर्टिफिकेट. आणि हात चालायला लागला की तोंड चालतंच. चल रे राजा, थांब जरा, आता कसं, शाब्बास.

१३ जानेवारी, सोमवार

आज लॉग शांतपणे वाचला आणि हसून हसून चहा सांडला.

लाल ओळी कसल्या, तर 'चल रे राजा'. 'थांब जरा'. 'आता कसं'. सगळी माझीच बडबड, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली! मी येण्याआधीच्या ओळी इंग्रजीत आहेत, आधीच्या माणसाचे उसासे आणि शिव्या. म्हणजे कुणीतरी दाराशी कान लावून ऐकतंय आणि ऐकलेलं सगळं बाहेरच्या एखाद्या कॉम्प्युटरवरून मशीनला सांगून बघतंय. यातली कमांड कुठली आणि बडबड कुठली, ते बिचाऱ्याला कळत नाही.

रघू असणार, दुसरं कोण. इथला शिपाई, मालवणकडचा, निवृत्तीला आलेला. चहा घेऊन दाराशी घुटमळत असतो. मॅडमना सांगितलं तर म्हातारपणी त्याची नोकरी जाईल. मीही असाच चोरून शिकलोय. नाही सांगत.

१७ जानेवारी, शुक्रवार

रघूची शिकवणी सुरू आहे, त्याला न कळू देता. हल्ली मी प्रत्येक कमांड मोठ्याने, सावकाश बोलतो. हे म्हटलं की खातं उघडतं. हे म्हटलं की एकाचे अधिकार दुसऱ्याला मिळतात. हे म्हटलं की खातं कायमचं जातं, तेव्हा जपून रे बाबा.

लाल ओळी निम्म्यावर आल्या. मॅडम म्हणाल्या, रमाकांतजी, तुमच्या हाताला गुण आहे. मॅडमच्या डब्यातला घावन मिळाला.

२२ जानेवारी, बुधवार

रघूला आज बाजूला घेतलं. पाठीवर थाप मारून म्हणालो, शिकतोयस ते मला माहीत आहे, घाबरू नकोस.

तो म्हणाला, साहेबानू, माका मोबाईल लावूक नातू लागता, मी काय शिकतलंय? त्या खोलीत तर तो पाऊलच टाकत नाही. का, विचारलं. म्हणाला, तुमी आत कोणाशी तरी बोलत असतास, म्हणान मी चहा दारातच ठेवतंय. कालपण जेवणाच्या सुट्टीत बोलत होतास.

काल जेवणाच्या सुट्टीत मी खाली गोदामात होतो. हमालांबरोबर पत्ते खेळत.

२३ जानेवारी, गुरुवार

दाराची नोंद तपासली. माझ्या कार्डाशिवाय कुणीही आत गेलेलं नाही. लाल ओळी मात्र बाहेरून आलेल्या नाहीत. मशीनच्या स्वतःच्या कीबोर्डवरून आल्यात. सगळ्या मी खाली असतानाच्या.

लेकाचा कोण आहे मग?

२७ जानेवारी, सोमवार

जेवायला जातो असं सांगून गेलो आणि परत येऊन बंद दाराला कान लावला. भर दुपार. पलीकडे बिलं बनवणारी पोरं क्रिकेटवरून भांडत होती.

आत कीबोर्डच्या कळा वाजत होत्या. सावकाश, एकेक, नवशिक्याच्या. मग कुणीतरी खाकरलं. मी खाकरतो तसं, शेवटी जरा ओढून. आणि म्हणालं, चल रे राजा.

माझा आवाज. कान फसत नाहीत माझे. कधीच नाही.

मॅडमना विचारलं, आधीचा माणूस का गेला? ध्रुव नाव त्याचं. त्या हसल्या. म्हणाल्या, विक्षिप्तच होता हो, शेवटी शेवटी त्या खोलीत चकार शब्द काढायचा नाही, हवं ते कागदावर लिहून दाखवायचा.

३० जानेवारी, गुरुवार

तोंड मिटून काम करतो. पण उशीर झालाय.

एकही लाल ओळ नाही. सगळ्या कमांड बरोबर — मी शिकवलेल्या, त्याच क्रमाने. त्याने एक खातं उघडलंय. नाव रमाकांत. माझंच, दुसरं. सगळे अधिकार त्याला. ऑफिसचा फोनही याच सर्व्हरवर चालतो, तोही त्याने स्वतःला जोडून घेतलाय.

परवा शनिवार, अर्धा दिवस. ऑफिस रिकामं झालं की ते खातं काढतो आणि मॅडमना सगळं सांगतो. शिकवलं मी, निस्तरणारही मीच.

झोप नाही. स्वतःच्या घशाला हात लावून बघतो सारखा.

१ फेब्रुवारी, शनिवार

सगळे गेले. खोलीत आहे. खातं काढायची कमांड दिली. लाल ओळ. ही कमांड ओळखीची नाही.

पुन्हा दिली. लाल. खाती बघायची साधी कमांड — लाल. मला माहीत आहे याचा अर्थ. अधिकार काढून घेतला की हे मशीन 'परवानगी नाही' म्हणत नाही. अशी कमांडच नाही म्हणतं. माझे अधिकार गेले. लॉगच्या शेवटी काढणाऱ्याचं नाव, रमाकांत.

माझी मेल मात्र पडद्यावर अजून उघडी होती, तीत माझ्या नावाने पाठवलेल्या मेल दिसल्या. एक मानसीला. मी लिहिलेली नाही. शनिवारी दुपारी शिवडीला ये गं, ऑफिस दाखवतो, बरोबर जेवू. तिचं उत्तर, येते पप्पा, किती दिवसांनी बोलावलंत!

लगेच फोन लावला. म्हणालो, येऊ नकोस, मागे फिर. ती म्हणाली, पप्पांचा आत्ताच फोन होता. त्यांनी सांगितलंय, हल्ली आवाज चोरून फसवतात, माझ्या आवाजात कुणी येऊ नकोस म्हणालं तर ठेवून दे. लाज वाटत नाही का तुम्हाला, म्हणाली. ठेवला.

परत लावला — वायफाय गेलं. माझं खातंच नाही म्हणतं. कार्ड दाराला लावलं. दार उघडत नाही. खातं नाही तर कार्ड नाही.

ओरडलो. पंखे जोरात फिरायला लागले. माझा आवाज मलाच येईना.

प्लग उपटला.

पंखे थांबले. मशीन मेलं. एकदम शांत.

लिहितोय, म्हणजे कुणाला तरी — मानसी, मी आत आहे. मी. तुझे

बाहेर पॅसेजमध्ये पावलं. तिच्या सँडलची. ओळखतो. आणि माझा आवाज. मशीन बंद आहे तरी. सरळ दारापलीकडून. ये गं, म्हणतोय, दमलीस का?

ती हसली.

दार ठोकतोय. दोन्ही हातांनी. लिहितो, ठोकतो —

ती थांबली. विचारतेय, पप्पा, आत कोण ओरडतंय?

तो खाकरला. आणि म्हणाला, कुणी नाही गं, मशीन आहे, माझा आवाज शिकतंय.