दुपारी एकचं रीडिंग

पुरानी बस्ती, रायपूर
२९ मे

प्रिय निरंजन,

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून तुला संशय येईल, आणि तो बरोबरच आहे. सकाळपासूनचा हा चौथा कागद. पहिल्या तिन्हींत मी उन्हाळ्याची चौकशी करत बसले होते, तीही चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाकडे. म्हणून फाडले. नवतपाचे नऊ जहाल दिवस लागलेत आणि माझं चित्त एका जागी नाही. बाबा कूलरमध्ये पाणी भरता भरता दोनदा म्हणून गेले, "काहून येरझारा घालून राहिली, पोरी? बस न जराशी." मी त्यांच्यावर उगाच खेकसले. रेल्वेत पस्तीस वर्षं साहेबांची बोलणी ऐकलेला माणूस, माझंही ऐकून घेतलं आणि पाइप गुंडाळून आत गेले. त्यांना अजून वाटतं, की तू दिवाळीला नक्की येशील.

तुला आपले पहिले दिवस आठवतात का रे? संस्थेच्या नवा रायपूरमधल्या त्या रिकाम्या ऑफिसातून आपण प्रोजेक्टर घेऊन निघायचो आणि कारखान्यांच्या मागच्या वस्त्यांमध्ये लोकांना सांगायचो, की दिवस तापत चाललेत, पाऊस लहरी झालाय, पुढे कठीण आहे. लोक चहा प्यायचे, माना डोलवायचे आणि उठून जायचे. भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला गरमीची भीती घालणारे आपण कोण टिकोजीराव लागून गेलो! मग दिल्लीहून त्या बाई आल्या. त्यांनी एकच गोष्ट शिकवली, "डर मत बेचो, मौका बेचो." तू मागच्या बाकावर बसून हसत होतास. मी मात्र वही भरून टिपणं घेतली. हवामान बदलतंय म्हणजे कामं बदलताहेत, छतांवर सोलर बसणार, ते बसवायला हात लागणार, ते हात तुमचे का नकोत, असं मी पुढच्या बॅचला सांगितलं आणि तीस खुर्च्यांच्या खोलीत सत्तर माणसं आली. मी आजही म्हणते, त्या बाई चुकल्या नव्हत्या. ते काम खोटं नव्हतं. शिकलेल्यांतले निम्मे आज त्यावर घर चालवताहेत, आणि याचा मला अभिमान आहे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

त्याच बॅचमध्ये देवीदास होता. उंच, सदा घसा खाकरणारा, मूळचा भंडाऱ्याकडचा. लोखंडाच्या भट्टीतलं काम सुटल्यावर वर्षभर घरी बसून होता. त्याची बायको शांता त्याला हात धरून आपल्याकडे घेऊन आली होती. त्याला वायरिंग एका आठवड्यात आलं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने फ्रिज घेतला आणि मला मुद्दाम घरी बोलावून त्यातलं थंड पाणी पाजलं. मी सगळ्या मीटिंगांमध्ये त्याचंच उदाहरण द्यायची. पोस्टरवरसुद्धा त्याचाच फोटो आहे. तो बघून तो स्वतः लाजला होता आणि शांताने त्याच्या तीन कॉप्या मागून नेल्या होत्या.

तुझ्या तासाला एक स्लाइड होती. अकरा ते चार पत्र्यावर चढायचं नाही. एकट्याने तर कधीच नाही, कारण ऊन लागलेल्या माणसाला स्वतःला ते कळत नाही, ते सोबत्याला दिसतं. खाली तू काढलेलं मीठ-साखरेच्या पाण्याचं वेडंवाकडं चित्र. ती स्लाइड मी काढून टाकली. तुला सांगितलं होतं, की आपल्या ऑफिसच्या साहेबांनी काढायला लावली. साहेब एवढंच म्हणाले होते, की भीतीचं काही नको. त्यात ती स्लाइड बसते हे मी ठरवलं. मला ती दिसली, की आपले जुने चहा पिऊन उठून जाणारे लोक दिसायचे. त्यात धमकी नव्हती, कामाची गोष्ट होती, एवढं मला कळू नये?

स्लाइडच्या जागी मी एक खेळ आणला. तू गेल्यावर सुरू झाला, म्हणून तुला माहीत नसेल. ज्याने जिथे पॅनल बसवलंय तिथून दुपारी एकला, म्हणजे वीज सगळ्यात जास्त बनते तेव्हा, रीडिंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा त्याला शाबासकी आणि महिन्याच्या शेवटी एक टॉर्च. लोक पोरांसारखे खेळायचे. आता आपल्याकडची काळी धूळ तुला ठाऊक आहे, सकाळी पुसलेलं दुपारी पुन्हा काळं. पंधरा तारखेला देवीदास भनपुरीच्या एका गोदामावर एकटाच होता. एक वाजता रीडिंग कमी आलं, म्हणून ओला फडका घेऊन पत्र्यावर चढला, पॅनल पुसले, उतरून फोटो काढला. थोडं वाढलं, तो पुन्हा चढला. ग्रुपवर त्याचे तीन फोटो आहेत, एक वाजून चार, एक वाजून वीस, एक वाजून एकेचाळीस. तिसऱ्यावर मी शाबासकीचा अंगठा टाकलाय. चौकीदाराला तो साडेतीनला सापडला, पत्र्यावरच.

वाचला. पण वाचला म्हणजे काय ते मी बघून आलेय. बोलणं जड झालंय, ग्लास धरला की पाणी सांडतं, चालताना भिंतीला हात लागतो. डॉक्टर म्हणतात, काही सुधारेल, सगळं नाही. मी तेलीबांध्यावरून नारळपाणी घेऊन गेले होते, काय ते माझं शहाणपण. शांता ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे तं ऊन पाहून खूश होत होते. तुम्हीच सांगतलं होतं न, ऊन म्हणजे आपली कमाई?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता तुझ्याबद्दलचं. तुझं कंत्राट वाढलं नाही तेव्हा तलावाकाठी बसून तू म्हणालास, बजेट नसेल. मी मान डोलावली. बजेट होतं, निरंजन. मी साहेबांना हजेरीचे कागद काढून दाखवले होते, की तुझ्या तासानंतर लोक गळतात. ते खरंही होतं. तू त्यांना विचार करायला लावायचास आणि विचार केल्यावर काही जण परत येत नसत. मला सत्तरच्या सत्तर हवे होते. तुझं सामान स्टेशनवर पोचवायला मीच आले होते, आणि गाडी हलेपर्यंत तुला लाडू खायचा आग्रह करत होते. ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते.

आणि तरी सोमवारी मी सही केली. पैसे देणाऱ्या कंपनीचे लोक चौकशीला येणार, म्हणून साहेबांनी एक कागद तयार केलाय. त्यात लिहिलंय, की उन्हातली खबरदारी शिकवायचं काम तुझ्याकडे होतं आणि तू ते शिकवलं नाहीस. तू इथे नाहीस, तुला कोण विचारतंय, असं ते म्हणाले. खाली माझं नाव आहे. ते लोक आज अकराला येताहेत. मी आधी जयस्तंभजवळच्या पोस्टात हे पत्र रजिस्टर करते आणि मगच नवा रायपूरची बस धरते. तो कागद खोटा आहे हे सांगायला जातेय. पण मला माझा भरवसा नाही. साहेब गोड बोलले, चहा मागवला, बाबांची तब्येत विचारली, की मी गप्प बसेन. मी तशी आहे, हे तुला आता कळलंच. तसं झालं, म्हणजे उद्यापर्यंत माझा फोन आला नाही, तर हे पत्र त्या कंपनीच्या लोकांपुढे ठेव. माझी गय करू नकोस. "तुझीच" लिहायची हिंमत नाही, आणि चौकशीत ते चालायचंही नाही, म्हणून पूर्ण नाव लिहून सही करते.

पूर्णिमा श्यामराव देशकर