पाराजीकडची आमटी

निमगाव सावा, रविवार, संध्याकाळ

शेजारच्या पाराजीकडं आज साखरपुडा झाला. सगळ्या आळीला जेवायचं आवतण, फक्त माझ्या धाकट्या भावाला, दत्तूला नाही. पाराजीला विचारलं तर म्हणतो, "आण्णा, जज्जसाहेब कुणाच्या घरचं पाणीबी घेत न्हाईत. उगा अवघडवायचं कशाला?"

खरंय. उद्या त्याच घरचा खटला समोर आला तर, म्हणून दत्तू नोकरीभर गावात कुणाकडं पाणी प्यायला नाही. पण रिटायर होऊन पुण्याहून कायमचा राहायला आला, त्याला वर्ष झालं. अजून एका घरानं पाणी विचारलं नाही. आणि मी तरी एकटा का जेवून आलो?

दत्तू ओट्यावर बसलेला. "आमटी कशी व्हती?"

"लई खारट," मी म्हणालो.

जन्मभर खोट्या साक्षी ऐकलेला माणूस. नुसता हसला, आणि पुण्याला परत जायची बॅग भरायला आत गेला.