आपल्या दाराची खरी उंची

चांदवड, मळ्यातून
चैत्र वद्य पंचमी

ती. चतुराआक्कास,

धाकट्या वाल्मीकचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पत्रातूनच ठेवतोय. प्रत्यक्षात ठेवायची संधी तू दोन वर्षं दिली नाहीस.) मालेगावात ऊन कसं आहे, दाजींचा दमा कसा आहे आणि मुख्य म्हणजे तुझी पाठ कशी आहे? ऑपरेशननंतरचा पट्टा सुटला की अजून आहे? इकडे तुझी भावजय सुलाबाई, तुझा भाचा सोमनाथ, गाय, सगळे ठीक. घराची जमीन तेवढी जागेवर नाही. तेच कळवायला बसलो आहे.

झालं असं की गेल्या महिन्यात नाशिकहून सरिता नावाची एक मुलगी आली. जुनी शेतघरं मोजून त्यांचे नकाशे काढायचे, असा तिच्या कॉलेजात अभ्यास असतो. आपलं घर दीडशे वर्षांचं, मातीच्या सपाट धाब्याचं, दगडी जोत्यावर सागवानी खांब, भिंतीच्या पोटात बाजरी साठवायचं बळद. तेव्हा मी नवी टोपी घालून तिला घर दाखवायला निघालो. सुरुवात अर्थात दारापासून. पणजोबांनी दार मुद्दाम साडेचार फुटी ठेवलं, मामलेदार असो की सावकार, या घरात मान वाकवूनच शिरावं लागतं, ही आपल्या घराण्याची कथा तिला पूर्ण ऐकवली. (आजवर ही कथा मी तीन लग्नांत, एका साखरपुड्यात आणि सोसायटीच्या सभेत सांगितली आहे. सभेत विषय खताचा होता.) पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं, मग खाली बसली आणि दाराच्या फळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे कमळ अर्धंच का आहे?"

आक्का, जन्मापासून मी त्या दारातून ये-जा करतो, पण कमळ अर्धं आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. वाकताना सगळं लक्ष डोकं वाचवण्यात. मग तिनं खांब पाहिले. म्हणाली, खांबाखाली दगडी बैठक असते, हे तर उसासारखे जमिनीतून उगवलेत. एक कोपरा उकरू का, असं विचारलं. मी हो म्हणालो, नव्या टोपीत नाही म्हणवेना. आधी निघाली माझ्या लग्नात बसवलेली शहाबादी फरशी. तिच्याखाली दादांनी घातलेला सिमेंटचा कोबा (तेव्हा तू आठ वर्षांची, मी जन्मलोही नव्हतो). त्याखाली मुरूम, त्याखाली सारवणाचे थर. दीड फुटावर खांबाची बैठक लागली आणि तिच्या बरोबरीनं दाराचा खरा उंबरा, मधोमध झिजलेला. म्हणजे पणजोबांनी दार सहा फुटी केलं होतं. ते त्यातून ताठ येत-जात होते, आणि मामलेदारही. जमीन आपणच चढवत गेलो, त्यापायी दार खालून कापलं, आणि डोकी आपटायला लागली तेव्हा तो घराण्याचा बाणा म्हणून सांगू लागलो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (सुलाबाई म्हणते, दोन भाकरी खाल्ल्या. मन नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे.) दोन वर्षांपूर्वीची अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, आठवत होती. ऑपरेशननंतर तू पहिल्यांदा माहेरी आलीस, पाठीला पट्टा, हातात सांजोऱ्यांचा डबा, आणि वाकता येईना म्हणून दारात अडलीस. मी म्हटलं, गोठ्याच्या दारानं ये. तू म्हणालीस, "मी माहेरी गोठ्यातून येनार नाय. आन वाल्मीक, माझ्या लहानपनी हे दार एवढं बुटकं नव्हतं." मी दहा माणसांदेखत हसलो. म्हणालो, लहानपणी सगळ्यांनाच दारं उंच वाटतात, आणि जिथे मामलेदार वाकला तिथे तुझं काय. तू डबा ओट्यावर ठेवलास आणि आल्या गाडीनं परत गेलीस. (सांजोऱ्या आम्ही खाल्ल्या. तेही सांगून टाकतो.) आक्का, तू खरं बोलत होतीस. मी चुकलो.

तर आता सोमनाथनं आणि मी फरशी, कोबा, मुरूम सगळं उकरून बाहेर काढलं आहे, ओट्यासकट. सुलाबाई पंधरा दिवस कडुलिंबाखाली चूल मांडून स्वयंपाक करते आणि माझ्याशी सोमनाथमार्फत बोलते. दाजींना नमस्कार, नातवंडांना माझा गालगुच्चा.

तुझा,
वाल्मीक

ता. क. : जमीन खाली गेली, पण कापलेली फळी तेवढीच राहिली. दार लावलं तरी खाली दीड फूट उघडं, शेजारच्या कोंबड्या मान न वाकवता आत येतात. सुतार म्हणतो तुकडा जोडून देतो, पण कमळाचा खालचा भाग कसा होता ते सांगा. तो पाहिलेलं माणूस आता तूच एक उरली आहेस. तेवढं येऊन सांगून जा.

आणखी एक ता. क. : कमळाचं निमित्त आहे. सुतार आपल्या मनानंही काढेल. तू आखाजीला ये. चूल हलवायला लावून कडुलिंबाला झोका बांधला आहे. सवयीनं माझी मान त्या दारात अजून वाकते आणि सोमनाथ हसतो. वाकू दे. तू मात्र ताठ ये.