आधी अंदाज, मग डिक्शनरी

४ जानेवारी

न्यूसन्स!

हा शब्द म्हणजे मी. ताईच्या पुस्तकात, तिसऱ्याच पानावर. वाक्याचा मी लावलेला अर्थ असा — माझा धाकटा भाऊ चालायला लागला त्या दिवसापासून घरातला न्यूसन्स होता. सकाळभर मी खूश होतो. अंदाज केला होता — आधार. चालायला लागल्यापासून घरातला आधार! शोभतंही. आप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि त्यांचे ब्रश धुवायला मीच असायचो. दुपारी डिक्शनरी उघडली. न्यूसन्स म्हणजे उपद्रव, पीडा, ब्याद.

चांगले तीन अर्थ दिलेत. एकही बरा नाही.

५ जानेवारी

काल रागात अर्धवटच लिहिलं. माझ्या ताईनं आत्मचरित्र लिहिलंय — आणि तेही इंग्रजीत! लग्न करून समुद्रापलीकडे गेली, जन्मभर तिथं शाळेची बस चालवली, आता रिटायर झाल्यावर बसल्या बसल्या पुस्तक लिहिलं. तिथल्याच कुणीतरी छापलं. फोनवर म्हणाली, "पुस्तक पाठवलं. वाच हं. मार्चमध्ये येते. जेवलास? बरं. ठेवते." ताई फोनवर नेहमी एवढंच बोलते. शब्दागणिक पैसे पडत असल्यासारखं.

माझं इंग्रजी म्हणजे माझ्या चष्म्याच्या दुकानातला भिंतीवरचा तक्ता. खालची बारीक ओळसुद्धा तोंडपाठ आहे, पण तिला अर्थ काही नाही. आणि हे ताईला माहीत नाही? मला मराठी अक्षरं तिनं शिकवली. अंथरुणात पाठीवर बोटानं काढायची आणि म्हणायची, ओळख! माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पण खेळायची माझ्याएवढी होऊन. त्याच बाईनं आमच्या घराची गोष्ट अशा भाषेत लिहावी की ती मलाच वाचता येऊ नये?

माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे त्यात? ती यायच्या आत सगळं वाचून काढणार. आणि आली की तोंडावर विचारणार — इंग्रजीत का?

६ जानेवारी

बायकोची सारी नोकरी हॉटेलच्या रिसेप्शनवर इंग्रजी बोलण्यात गेली. तिनं पुस्तक दोन दुपारींत हातावेगळं केलं. एकटीच हसत होती. मधे एकदा डोळेही पुसले. काय लिहिलंय विचारलं तर म्हणते, "तुमची बहीण, तुमचं ताट. मी उष्टं करून देणार नाही."

बरं! पाहून घेतो.

११ जानेवारी

मास्तर आले होते. रिटायर्ड इंग्रजी शिक्षक. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू रोज ढिला होतो आणि रोज माझ्याकडे गप्पा मारल्यावरच घट्ट होतो. त्यांना न्यूसन्सचं सांगितलं. पोट धरून हसले. शेजाऱ्याचं दुःख म्हणजे काहींना टॉनिकच!

मग म्हणाले, "पद्धत बरोबर आहे तुमची. दर शब्दाला डिक्शनरी काढलीत तर पुस्तक राहील बाजूला. आधी अंदाज, मग डिक्शनरी. पुढचंमागचं वाक्य बघायचं. शब्द एकटा नसतो हो, गोतावळ्यात राहतो."

पटलं. एक बारीक पेन्सिल पुस्तकातच ठेवली.

१४ जानेवारी

वेल्ड. म्हणजे म्हणे मी दाताच्या डॉक्टरकडे जाताना रस्ताभर वेल्ड करत होतो. अंदाज — गाणं म्हणत होतो. मला लहानपणी गाण्याची आवड होतीच.

डिक्शनरी — भोकाड पसरणे.

१५ जानेवारी

काही लिहावंसं वाटत नाही. दात दुखतोय, तोही त्याच बाजूचा.

२२ जानेवारी

रिलक्टंटली. ताईनं प्रवासाची पत्र्याची ट्रंक रंगवली ती गोष्ट. आप्पांच्या डब्यात थोडाच निळा रंग उरला होता आणि तो मी माझ्या लाकडी गाडीसाठी मागून ठेवला होता. तरी मी ताईला दिला. आठवतंय मला स्वच्छ! म्हटलं, घे ताई, तुला लांब जायचंय. पुस्तकातही तेच आहे — त्यानं तो रंग मला रिलक्टंटली दिला. अंदाज — हसत हसत. उदार मनानं.

डिक्शनरी — नाखुशीनं, मनाविरुद्ध.

साफ खोटं! बायकोला वाचून दाखवलं. ती बातम्या बघत होती. म्हणाली, "अहो, जरा रिमोट द्या बघू इकडे." दिला. तर म्हणते, "हे बघा. हेच ते. रिलक्टंटली."

शब्द पक्का पाठ झाला, एवढाच फायदा.

२ फेब्रुवारी

आज ताईच्या लिहिण्याची गंमत. स्वयंपाकघराचं वर्णन आहे. आई चुलीवरचं गरम भांडं जिनं धरून उतरवायची ती लोखंडी, दोन पायांची वस्तू — पुढं वाक्य — 'आमच्या घरी तिला एक शब्द होता.' संपलं! कोणता शब्द ते नाहीच. अगं, सांडशी! सांडशी लिही की! एवढा द्राविडी प्राणायाम कशाला?

पुढच्याच पानावर पुन्हा. भिंतीत ठोकलेलं लाकडाचं बोट, ज्यावर आप्पा सदरा टांगायचे — 'त्यालाही एक शब्द होता.' होता काय? आहे! खुंटी! अजून आहे, माझाही सदरा तिच्यावरच आहे.

मास्तर म्हणाले, "परक्या वाचकांना काय कळणार खुंटी? म्हणून गाळलं असेल." असेल. पण मग निदान माझ्यासाठी कंसात तरी द्यायचं. मी पेन्सिलीनं समासात लिहून टाकलं — सांडशी. खुंटी.

९ फेब्रुवारी

मास्तरांनी मला पकडलं. माझे अंदाज पेन्सिलीनं लिहिलेले होते, ते चाळत बसले. मग म्हणाले, "तुमचं कुठं चुकतंय सांगू? चूक इंग्रजीची नाही. पण तुम्ही अंदाज वाक्यावरून बांधतच नाही. आठवणीवरून बांधता. बहिणीनं काय लिहिलंय ते बघायच्या आधी काय घडलं ते तुम्हाला माहीत असतं!"

"अहो, पण मी तिथं होतो ना!"

"तीपण होतीच की."

स्क्रू घट्ट करून दिला. जरा जास्तच घट्ट.

१० फेब्रुवारी

मास्तर शहाणे आहेत. म्हणूनच डोक्यात जातात.

१७ फेब्रुवारी

ताई निघाली त्या दिवसाचं प्रकरण आलं. हे पान मला टाळावंसं वाटत होतं. कारण तो दिवस मला पक्का माहीत आहे — मी फाटकाशी उभा होतो, डोळे कोरडे. अकरा वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो. आणि ताई भाड्याच्या मोटारीत पुढं बसली आणि गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही! हे मी कुणाजवळ बोललेलो नाही, पण विसरलोही नाही. चाळीस वर्षं झाली.

पुस्तकात — माझा भाऊ फाटकाशी उभा होता, इन्कन्सोलेबल.

अंदाज लगेच तयार होता. खंबीर. पेन्सिल टेकवलीही. मग मास्तर आठवले. म्हटलं चला, एकदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करू. आठवण बाजूला. फक्त वाक्यं.

पुढचं वाक्य — आई त्याला आत नेऊ बघत होती पण तो फाटकाचे गज सोडेना. त्याच्या पुढचं — आप्पांनी त्याला उरलेला सगळा रंग देऊ केला, त्यानं डबा लाथाडला. आणि मग — मी मागं वळून पाहिलं असतं तर उतरले असते. म्हणून मी मोटारीच्या आरशात बघत राहिले, तो दिसेनासा होईपर्यंत. आरशात मागं बघायची सवय मला त्या दिवशी लागली. पुढं त्याच सवयीवर माझं पोट चाललं.

डिक्शनरी उघडली नाही. अर्थ कळला. कसलीही समजूत न पटणारा. कुणीही, काहीही सांगितलं तरी.

फाटकाच्या खालच्या गजावर निळ्या रंगाचे ओघळ होते. वर्षानुवर्षं होते. ते कुठून आले याचा मी कधी विचारच केला नव्हता.

दुकान उशिरा उघडलं. मास्तर पायरीवर वाट बघत उभे होते. माझा चेहरा बघून स्क्रूचं नाव काढलं नाही. मी आपणहून घट्ट करून दिला.

१८ फेब्रुवारी

बायकोला म्हटलं, वाचलं ते पान. ती नुसतं "हं" म्हणाली आणि ताटात वाढताना माझा हात थोपटला. डोळे याच पानाला पुसले होते तर.

पण मुद्दा राहतोच! मला एवढं आरशात बघत होतीस, तर मला समजेल अशा भाषेत का नाही लिहिलंस? उलट आता राग वाढलाय. विचारणार म्हणजे विचारणार.

१ मार्च

पुस्तक संपलं!! मागचा सगळा भाग बसचाच. पोरं, बर्फ, गिअर. मी तिथं नसल्यामुळे माझे अंदाज पटापट बरोबर येत होते. मास्तर म्हणाले, "बघा!"

१२ मार्च

ताई आली. केस पांढरे, चाल तीच. मला बघितल्याबरोबर माझा चष्मा नाकावर सरळ केला. चष्मेवाल्याचा चष्मा वाकडा! सगळी हसली.

बायकोनं मला आधीच दम दिलाय — "आल्या आल्या भांडण नको. दोन दिवस माणसाला टेकू द्या." बरं. दोन दिवस.

१३ मार्च

ताई फार बोलत नाही. "हो हो" म्हणते, मान हलवते. आम्ही नवराबायको नेहमीसारखी एकमेकांवर कुरघोडी करत बसलो होतो. ती हसते छान, पण आमच्या मागोमाग. आधी आमची तोंडं बघते, मग हसते. प्रवासाचा शीण असेल.

१४ मार्च

आज विचारणार होतो. मुहूर्तही ठरवला होता — जेवणानंतर.

जेवायच्या आधी बायको गॅसपाशी होती, हात पिठाचे. म्हणाली, "ताई, जरा सांडशी द्या हो."

ताई उठली. ओट्यापाशी गेली आणि थांबली. तिथं झारा, उलथनं, पळी, सगळंच टांगलेलं. तिचा हात मधेच अधांतरी. मग तिनं गॅसवरचं पातेलं बघितलं. वाफ बघितली. बायकोचा पुढं केलेला हात बघितला. आणि पुन्हा रांगेकडे बघून बरोबर सांडशी उचलून दिली.

हे मी ओळखतो! जानेवारीपासून मी दुसरं काय करतोय? शब्द कळला नाही की पुढंमागं बघायचं. मग अंदाज.

पातेलं उतरल्यावर ताईनं सांडशी परत हातात घेतली. हळूच म्हणाली, "सांडशी." मग पुन्हा, "सांडशी."

जेवणानंतर मी काही विचारलं नाही.

१६ मार्च

ताईला दुकानात घेऊन गेलो. नंबर तपासू म्हटलं. मराठी अक्षरांचा तक्ता लावला. धडाधड वाचला तिनं, शेवटच्या ओळीतला ळ सुद्धा. मग खुर्चीतून उठेचना.

म्हणाली, "अक्षरं आहेत रे. शब्द गेले."

मी काच पुसत राहिलो.

"तिकडे कोणाशी बोलणार? नवरा तिकडचाच. घरात ती भाषा, बसमध्ये ती भाषा. आधी छोटे छोटे गेले. आईच्या घरातले. मला वाटलं, येतील. नाही आले." हातानं काहीतरी चाचपडल्यासारखं केलं. "मराठीत लिहायला बसले होते. पहिलं पान पण झालं नाही. खूप रडले. मग म्हटलं, ज्या भाषेत येतंय त्यात लिहू. नाहीतर गोष्ट पण जाईल. फोनवर तुला कळेल म्हणून भीती वाटायची. म्हणून लवकर ठेवायचे."

आणि मी? मी समासात ठसक्यात लिहून ठेवलंय — सांडशी. खुंटी.

तेवढ्यात मास्तर आले, स्क्रू घेऊन. मी त्यांना सांगितलं, "आज दुकान बंद आहे." दुकान सताड उघडं होतं. पण शहाणा माणूस, निघून गेले.

मग ताईला सगळं सांगितलं. न्यूसन्सपासून. मी तुझ्या पुस्तकातून कसा कसा पडत-धडपडत आलो ते. भोकाडाला ती इतकी हसली की खुर्ची फिरली. या वेळी आमच्या मागोमाग नाही. माझ्या बरोबरीनं.

१७ मार्च

पेन्सिलीचे शब्द ताईनं बघितले. मला वाटलं वाईट वाटेल तिला. तिनं त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अजून लिही." दिवसभर घरात फिरून मी वस्तू दाखवतोय आणि बायको नावं सांगतेय. फडताळ. कोनाडा. उंबरा. काही ताई आमच्या आधीच म्हणते — आणि स्वतःच दचकते!

१९ मार्च

ताईनं आज ही वही मागितली. परवा परत जाताना सोबत नेणार, वाचायला. म्हटलं, डिक्शनरीही घेऊन जा. नको म्हणाली. आधी अंदाज करते.

ताई, सुरुवातीची पानं रागाची आहेत. तिथं मात्र वाक्यावर जाऊ नकोस. आठवणीवरून अंदाज कर.